नेक पडतो तेव्हा आत काय होतं: स्फटिकी प्लॅस्टिक ताणून तपासण्याची रीत

यूटीएमवर, म्हणजे ओढून भार मोजणाऱ्या यंत्रावर, एचडीपीईचा (जास्त घनतेच्या पॉलिथीनचा) डम्बेल, म्हणजे मध्ये अरुंद असलेला नमुना लावला की आलेख ठरलेल्या वळणाचा येतो. आधी चढ, मग उंचवटा, मग घसरण, त्यानंतर लांबच लांब सपाट पट्टा, शेवटी पुन्हा थोडा चढ आणि तुकडा तुटतो. रिपोर्टात यातले तीन आकडे जातात: यील्ड स्ट्रेस (उंचवट्यावरचा स्ट्रेस, म्हणजे भार भागिले छेद), तुटतानाचा स्ट्रेस आणि तुटतानाचं लांबणं. काम संपलं असं वाटतं. पण उंचवट्यानंतर यंत्र जे काही दाखवतं ती सरासरी असते, आणि नेक, म्हणजे तुकड्याची बारीक झालेली कंबर, पसरत असताना ती सरासरी तुकड्यातल्या कुठल्याही जागेला लागू पडत नाही. म्हणून स्क्रीनपेक्षा तुकड्याकडे जास्त बघायचं. ते कसं बघायचं आणि दिसेल त्याचा अर्थ कसा लावायचा, ते पुढे क्रमाने दिलं आहे. उदाहरण मुख्यतः पॉलिथीनचं घेतलं आहे, कारण त्यात सगळे टप्पे स्वच्छ दिसतात. पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन, पीईटी यांना तीच रीत लागू होते. फरक जिथे पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी रचना डोक्यात बसवा

ही प्लॅस्टिकं पूर्ण स्फटिकी कधीच नसतात. वितळलेलं पॉलिथीन थंड होताना त्याचे लांब रेणू, म्हणजे साखळ्या, घड्या घालत पातळ पापुद्र्यांत बसतात. हे पापुद्रे म्हणजे लॅमेला, आणि त्यांची जाडी साधारण १० ते २० नॅनोमीटर असते. साखळ्या पापुद्र्याच्या जाडीच्या दिशेने, जवळपास उभ्या असतात. १,००,००० रेणुभाराची पॉलिथीनची साखळी सरळ केली तर सुमारे ९०० नॅनोमीटर भरेल, म्हणजे घडी घातल्याशिवाय तिला १५ नॅनोमीटरच्या पापुद्र्यात जागाच नाही. केलर, फिशर आणि टिल या तिघांनी १९५७ मध्ये पॉलिथीनचे एकेक स्फटिक वाढवून ही घडी स्वतंत्रपणे दाखवली.

दोन पापुद्र्यांमध्ये अस्ताव्यस्त, अमॉर्फस थर असतो. काही साखळ्या एका पापुद्र्यातून निघून त्या थरातून पलीकडच्या पापुद्र्यात शिरतात, तर काही मधल्या थरातच एकमेकींत गुंततात. पुढचा सगळा खेळ या जोडसाखळ्या आणि गुंत्यांचा आहे. पापुद्रे एका केंद्रातून सर्व बाजूंनी फाकत वाढले की गोल स्फेरुलाइट तयार होतात, आणि ते पोलराइज्ड प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

स्फटिकी भाग किती आहे ते घनतेवरून काढता येतं. पॉलिथीनच्या शुद्ध स्फटिकाची घनता साधारण १.०० आणि अमॉर्फस भागाची ०.८५५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरतात. तुमच्या नमुन्याची घनता ०.९५५ आली, तर त्यातून ०.८५५ वजा करा, उरलेल्या ०.१०० ला ०.१४५ ने भागा आणि पुन्हा ०.९५५ ने भागा. उत्तर येतं ०.७२, म्हणजे वजनाने ७२ टक्के स्फटिक. ही संख्या चाचणीआधीच वहीत लिहून ठेवा. दोन बॅचचे आलेख जुळत नाहीत तेव्हा पहिला संशय इथेच घ्यायचा असतो.

आणखी एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: चाचणीच्या तापमानाला अमॉर्फस भाग मऊ आहे की काचेसारखा कडक? पॉलिथीनचा मऊ असतो आणि पॉलिप्रॉपिलीनचाही, कारण त्याचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अमॉर्फस भाग काचेसारखा कडक होतो ते, शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. पीईटीचं ७० ते ८० अंश असल्यामुळे खोलीच्या तापमानाला तो कडक असतो. नायलॉन ६ कोरडं असताना कडक आणि ओलावा प्यायल्यावर मऊ होतं. कोरड्या आणि दमट नायलॉनचे आलेख शेजारी ठेवले तर ती दोन वेगळी प्लॅस्टिकं वाटतील.

तुकडा कापणं आणि मुरवणं

साच्यातून आलेला डम्बेल दिसायला एकसंध असला तरी तसा नसतो. साच्याच्या भिंतीलगतचा पातळ थर चटकन गोठतो, त्यामुळे त्यात साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ओढलेल्या राहतात. गाभा सावकाश गोठतो आणि त्यात स्फेरुलाइट मोठे होतात. प्लॅस्टिकचा मूळ स्वभाव बघायचा असेल तर कॉम्प्रेशन मोल्डिंगने (गरम दाबून) पत्रा करा आणि त्यातून डायने (धारदार कापसाच्याने) डम्बेल कापा. तयार वस्तू तपासायची असेल तर ती जशी आहे तशीच कापा, मात्र कुठल्या दिशेने कापली ते लिहून ठेवा.

कडेवर भिंगाने एकदा नजर फिरवा. बोथट डायने राहिलेली बारीकशी खाच नेक कुठे पडणार ते ठरवते, आणि अनेकदा तुकडा तिथूनच अकाली फाटतो. खाच सापडली तर तुकडा बाजूला टाका. घासून दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

साच्यातून काढलेला तुकडा लगेच ओढू नका. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मोल्डिंगनंतरही स्फटिकीकरण हळूहळू चालू राहतं आणि यील्ड स्ट्रेस सरकत जातो. २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता ही नेहमीची स्थिती आहे. तीत सगळे तुकडे सारखाच वेळ मुरवा.

खुणा करा, हीच खरी मोजपट्टी

बहुतेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती हीच देते. डम्बेलच्या अरुंद भागावर बारीक टोकाच्या पक्क्या मार्करने दर ५ मिलिमीटरला आडवी रेघ मारा. जमलं तर दोन रेघांमध्ये २ मिलिमीटर व्यासाचे छोटे वर्तुळाकार शिक्केही उमटवा. रेघा लांबणं सांगतात. वर्तुळं त्याबरोबर आकसणंही सांगतात. सातपट ताणलेल्या जागी २ मिलिमीटरचं वर्तुळ सुमारे १४ मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर रुंद अशा बारीक काडीसारखं होतं. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की यंत्राच्या ‘स्ट्रेन १२० टक्के’ (मूळ लांबीच्या १२० टक्के लांबणं) अशा आकड्यावर विश्वास बसेनासा होतो.

मोबाइल स्टँडवर लावून पूर्ण चाचणीचा व्हिडिओ घ्या, फ्रेममध्ये स्टीलची पट्टी ठेवा आणि यंत्राच्या लोडचा आकडाही त्यात दिसू द्या. क्लिपचा एक्स्टेन्सोमीटर (तुकड्याला चिमटून लांबणं मोजणारं उपकरण) फक्त सुरुवातीच्या कडकपणासाठी वापरा. प्लॅस्टिक ताणून तपासण्याच्या आयएसओ ५२७ या मानकात मॉड्युलस (कडकपणाचं माप) ०.०५ ते ०.२५ टक्के स्ट्रेनच्या दरम्यान काढतात, तेवढं झालं की क्लिप उतरवा. तिच्या धारा तुकड्यावर चरे पाडतात. शिवाय नेक क्लिपच्या बाहेर पडला तर ती नुसती लटकून राहते आणि चुकीचं वाचन देत राहते.

ओढताना काय बघायचं

मॉड्युलससाठी मिनिटाला १ मिलिमीटर, पुढे मिनिटाला ५० मिलिमीटर हा रुळलेला वेग आहे. पण पहिल्यांदा बघताना मिनिटाला ५ किंवा १० मिलिमीटर ठेवा, म्हणजे डोळ्यांना वेळ मिळतो.

पहिले काही टक्के तुकड्यावर काहीच दिसत नाही आणि रेघा सारख्याच लांबतात. आत मात्र मऊ अमॉर्फस थर ताण सोसत असतो: पापुद्रे एकमेकांपासून दूर जातात, एकमेकांवरून सरकतात, थोडे वळतात. स्फेरुलाइटच्या कुठल्या भागात यातलं काय होईल ते ओढण्याच्या दिशेवर ठरतं. ज्या पापुद्र्यांची पातळी ओढण्याच्या दिशेला आडवी आहे ते फाकतात, तिरपे आहेत ते सरकतात. इथे भार सोडला तर तुकडा बहुतांशी परत येतो, पण लगेच नाही, थोडा रेंगाळत. म्हणून याला सरळसोट स्प्रिंग समजू नये.

उंचवटा एचडीपीईत साधारण ८ ते १२ टक्के स्ट्रेनला येतो. आता स्फटिक हार मानतात, पण ते लांबत नाहीत. साखळीतले कार्बन-कार्बन बंध इतके भक्कम असतात की स्फटिकाचा साखळीच्या दिशेतला मॉड्युलस २०० गिगापास्कलच्या वर भरतो, तर साध्या एचडीपीईच्या तुकड्याचा १ गिगापास्कलच्या आसपास असतो. शेजारच्या दोन साखळ्यांना मात्र फक्त क्षीण आकर्षण धरून ठेवतं. त्यामुळे स्फटिक पत्त्यांच्या गड्डीसारखा घसरतो, आणि घसरण्याची पातळी साखळ्यांना समांतरच असावी लागते, कारण साखळी तोडून घसरणं परवडत नाही. पापुद्रा जितका जाड, तितकी ही घसरण सुरू व्हायला अवघड. म्हणूनच सावकाश थंड केलेल्या पत्र्याचा यील्ड स्ट्रेस चटकन थंड केलेल्यापेक्षा जास्त येतो. बदल्यात त्यात जोडसाखळ्या कमी राहतात, आणि फार सावकाश थंड केलेला तुकडा नेक न पाडताच तुटू शकतो. यील्ड वाढला म्हणून खूश होण्याआधी हे तपासा.

उंचवट्याच्या जरा पुढे एका जागी कंबर बारीक होऊ लागते. आता स्क्रीन सोडा आणि नेकच्या खांद्याकडे, म्हणजे बारीक भाग जाड भागाला मिळतो तिथे, बघा. खांद्याबाहेरच्या रेघा अजून जवळपास ५ मिलिमीटरवरच थांबलेल्या असतात. खांदा एका रेघेपर्यंत पोचतो, ती रेघ झपकन पुढे जाते आणि अंतर ३०-३५ मिलिमीटर होऊन तिथेच स्थिरावतं. मग पुढची रेघ. म्हणजे तुकडा सगळीकडे थोडाथोडा ताणला जात नाही. खांदा सरकत जातो आणि वाटेत येणारा माल एका अवस्थेतून थेट दुसऱ्या अवस्थेत जातो. ताणलेल्या आणि मूळ लांबीच्या ज्या गुणोत्तराला माल स्थिरावतो ते त्याचं नैसर्गिक ताणगुणोत्तर. ते रेघांवरून मोजा, यंत्राच्या स्ट्रेनवरून काढू नका.

खांद्यात पापुद्रे मोडून बारीक ठोकळे होतात आणि ते ओढण्याच्या दिशेने रांगेत लागून सूक्ष्म तंतू बनतात. हे चित्र पॉलिमर शास्त्रज्ञ आंतोन पेटर्लिन यांनी मांडलं. ठोकळे जसेच्या तसे सरकतात, की क्षणभर वितळल्यासारखे होऊन नव्याने स्फटिक बनतात, यावर बराच वाद झाला. क्ष-किरण मापनातली एक गोष्ट दुसऱ्या बाजूला वजन देते: ताणल्यानंतर पापुद्र्यांमधलं नवं अंतर मूळ अंतरापेक्षा ओढण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. जुने ठोकळे तसेच राहिले असते तर असं झालं नसतं. माझा कल असा की दोन्ही घडतं, आणि तापमान वाढेल तसा दुसऱ्याचा वाटा वाढतो.

नेक डम्बेलच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचला की आलेख पुन्हा चढतो. आता ताण जोडसाखळ्या आणि गुंत्यांच्या जाळ्यावर आलेला असतो.

हिशेब: घसरणारा आलेख आणि चढणारा ताण

समजा डम्बेल १० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे छेद ४० चौरस मिलिमीटर. यील्डला भार १,००० न्यूटन आला, म्हणून स्ट्रेस २५ मेगापास्कल. नेक पसरताना भार ७०० न्यूटनवर थांबला, म्हणून रिपोर्टात १७.५ मेगापास्कल. वाचणारा म्हणेल की माल नरम पडला.

आता रेघांवरून ताणगुणोत्तर ७ आलं आहे. घनफळ बदललं नाही असं धरलं तर नेकचा छेद ४० भागिले ७, म्हणजे ५.७ चौरस मिलिमीटर. खरा स्ट्रेस सुमारे १२२ मेगापास्कल. आलेख खाली आला, पण नेकमधला माल यील्डच्या जवळपास पाचपट ताण सोसतो आहे आणि तुटत नाही.

स्ट्रेनचंही तसंच. मधल्या ५० मिलिमीटरपैकी मूळचे १० मिलिमीटर नेकमध्ये जाऊन ७० झाले, उरलेले ४० जवळपास तसेच राहिले, तर एकूण लांबी ११० मिलिमीटर. यंत्र १२० टक्के स्ट्रेन दाखवणार. तुकड्यात १२० टक्के कुठेही नाही. कुठे काही टक्के आहे, कुठे ६००.

खरा आलेख हवा असेल तर व्हिडिओतली एकच जागा धरा, शक्यतो जिथे नेक पहिल्यांदा पडला ती. दर काही फ्रेमला तिथलं रेघांतलं अंतर आणि त्या क्षणीचा भार टिपा. भार भागिले मूळ छेद, गुणिले ताणगुणोत्तर, हा खरा स्ट्रेस. चाचणी मध्येच थांबवून नेकची रुंदी आणि जाडी मायक्रोमीटरने एकदा पडताळून घ्या. दोन्ही सारख्या प्रमाणात आकसल्या नसतील तर कळेल.

मग खरा स्ट्रेस उभ्या अक्षावर आणि ताणगुणोत्तर आडव्या अक्षावर मांडा. ताणगुणोत्तर शून्य असलेल्या बिंदूतून वक्राला स्पर्शरेषा काढा. लक्षात घ्या, शून्यातून, एकातून नाही. पहिली स्पर्शरेषा जिथे टेकते तिथे नेक सुरू होतो. दुसरी टेकली तर तिथून पुढे नेक स्वतःला सावरतो आणि पसरतो. दुसरी टेकतच नसेल तर नेक बारीक होत जाऊन तुटतो. एकही टेकत नसेल तर नेक पडतच नाही आणि तुकडा रबरासारखा सगळीकडे सारखा ताणला जातो. ही रचना फ्रेंच अभियंता आर्मां काँसिडेर यांची, १८८५ ची, आणि ती लोखंड-पोलादासाठी केलेली होती. पॉलिमरला ती तितकीच चपखल बसते.

वेग आणि तापमान

वेग वाढवला की यील्ड स्ट्रेस वाढतो, साधारणपणे वेगाच्या लॉगरिदमच्या प्रमाणात. तापमान वाढवलं की तो उतरतो आणि नेकचे खांदे बोथट होतात. इथवर पुस्तकात असतं. खरी गुंतागुंत उष्णतेची आहे.

वरच्याच उदाहरणात नेकमध्ये गेलेल्या प्रत्येक घनमीटर मालावर १७.५ मेगापास्कल गुणिले ६, म्हणजे १०५ मेगाज्यूल काम झालं. पॉलिथीनचा घनमीटर एक अंशाने तापवायला सुमारे १.८ ते १.९ मेगाज्यूल लागतात. सगळं काम उष्णतेत गेलं आणि ती बाहेर पडायला वेळच मिळाला नाही असं धरलं, तर माल ५५ अंशांहून जास्त तापेल. सावकाश ओढलेल्या किंवा पातळ तुकड्यात ही उष्णता निसटून जाते. जाड तुकडा झपाट्याने ओढला तर खांदा तापतो, मऊ पडतो आणि आलेख अपेक्षेपेक्षा जास्त घसरतो. त्यामुळे वेगवेगळ्या वेगांची तुलना करताना खांद्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखा. नाहीतर वेगाचा परिणाम बघतो आहोत असं वाटत राहील आणि बघत असाल तापमानाचा.

तापमानाचा फायदाही घेता येतो. कपाच्चो आणि वॉर्ड यांनी १९७० च्या दशकात योग्य रेणुभाराचं पॉलिथीन ७५ अंशांच्या आसपास ओढून ३० च्या घरातलं ताणगुणोत्तर मिळवलं. पुढे स्मिथ आणि लेमस्ट्रा यांनी द्रावणातून जेल करून साखळ्यांमधले गुंते आधीच कमी केले, आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथीनचे भक्कम धागे त्यातूनच आले. तेच पॉलिथीन वितळवून घट्ट केलं तर भरमसाट गुंत्यांमुळे फार ताणलं जात नाही.

पांढरं पडलं तर

पॉलिप्रॉपिलीनचा नेक दुधासारखा पांढरा होताना दिसेल. रंग बदलत नाही, आत सूक्ष्म पोकळ्या उघडतात आणि प्रकाश विखुरतो. स्फटिक घसरण्याआधी अमॉर्फस थर फाटला की असं होतं, म्हणून स्फटिक जाड आणि पक्के असलेल्या मालात हे जास्त दिसतं. एलडीपीईत (कमी घनतेच्या पॉलिथीनमध्ये) पापुद्रे पातळ असतात, आधी घसरतात, आणि पोकळ्या सहसा पडत नाहीत. तोच माल दाबून विकृत केला तर पोकळ्या उघडतच नाहीत.

पांढऱ्या तुकड्यात घनफळ कायम राहिल्याचं गृहीत धरू नका, वरचा हिशेब त्यावरच उभा आहे. नेकचा तुकडा कापून त्याची घनता मोजा. ती मूळच्यापेक्षा जितकी कमी, तितक्या पोकळ्या.

यंत्र नसेल तर

कुरकुरणाऱ्या पातळ एचडीपीई पिशवीची १५ मिलिमीटर रुंद पट्टी धारदार ब्लेडने कापा, रेघा मारा आणि हातांनी सावकाश ओढा. एक पट्टी पिशवीच्या उभ्या दिशेने, दुसरी आडव्या दिशेने घ्या. फिल्म फुगवताना उभ्या दिशेला आधीच ताणली गेलेली असते, म्हणून आडव्या पट्टीत अनेकदा ठसठशीत नेक पडतो आणि उभी कमी लांबते. नेक पडलेली पट्टी एलसीडी स्क्रीनच्या पांढऱ्या भागासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवून त्यातून बघा. पट्टी हळूहळू फिरवली की एका कोनात ताणलेला भाग उजळून रंगीत दिसतो. साखळ्या एका दिशेला लागल्याची ही सगळ्यात स्वस्त खूण. आता त्याच भागाला लांबीच्या दिशेने चीर द्या, सहज फाटत जाईल. आडवी फाडून बघा, बोटं दुखतील.

सोडल्यावर आणि तुटल्यावर

नेक पडलेला तुकडा यंत्रातून काढून त्याच्या रेघा लगेच मोजा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. थोडं आकसणं दिसेल, पण फारसं नाही, कारण नवे स्फटिक साखळ्यांना ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवतात. मग तो चिमट्यात धरून तापमान वाढवत न्या. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं. त्याच्या जवळ गेलं की स्फटिकांची पकड सुटते आणि तुकडा झपाट्याने मूळ लांबीकडे परततो. कितपत परततो यावरून गुंत्यांचं जाळं किती शाबूत राहिलं ते कळतं. साखळ्या एकमेकींतून निसटल्या असतील तर तेवढी लांबी परत येत नाही.

तुटलेली टोकंही फेकू नका. टोक झाडूसारखं तंतूंमध्ये सुटलं असेल तर माल पूर्ण ताणून झाल्यावर गेला. खांद्यातच आडवं तुटलं असेल तर नेक स्थिरावलाच नव्हता: वेग जास्त होता, रेणुभार कमी होता किंवा आत एखादा कण होता. कण असेल तर भिंगाखाली तुटलेल्या तोंडावर त्याभोवती छोटं वर्तुळ दिसतं. जबड्यापाशी तुटलं असेल तर तो आकडा रिपोर्टात घेऊच नका, नवा तुकडा लावा.

रिपोर्टात नेहमीच्या तीन आकड्यांशेजारी रेघांवरून मोजलेलं ताणगुणोत्तर, नेकमधला खरा स्ट्रेस, खांद्याचं तापमान, पांढरेपणा आणि तुटण्याची जागा एवढ्या नोंदी द्या, आणि व्हिडिओची फाइल सोबत जोडा.